बेकचा नकाशा आणि सर्किटची दंतकथा

‘लंडनच्या हॅरी बेकने विजेच्या सर्किटची आकृती पाहून जगातला पहिला सरळ रेषांचा मेट्रो नकाशा काढला, भूगोल पार पुसला आणि सगळ्या जगाने तोच नमुना उचलला.’ हा मजकूर वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो. त्यात खरं एवढंच, की बेक भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात ड्राफ्ट्समन होते आणि १९३१मध्ये त्यांनी पहिला कच्चा आराखडा केला.

‘पहिला’ : नाही. जॉर्ज डाऊ १९२९पासूनच लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेसाठी सरळ रेषांचे नकाशे काढत होते. खुद्द भुयारी रेल्वेच्या नकाशावरचे रस्ते मॅक्डोनल्ड गिल यांनी आधीच काढून टाकले होते, आणि फ्रेड स्टिंगमोर यांनी कडेची अंतरं आवळून उपनगरं आत ओढली होती.

‘सर्किट पाहून’ : पुरावा म्हणून जे चित्र दाखवतात, ज्यात स्टेशनांच्या जागी विजेच्या संज्ञा आहेत, ते बेक यांनीच मार्च १९३३मध्ये कर्मचाऱ्यांच्या मासिकासाठी केलेली थट्टा आहे. नकाशाच्या साडेसात लाख खिशात मावणाऱ्या प्रती त्याआधीच, जानेवारीत निघाल्या होत्या. म्हणजे नक्कल अस्सलच्या आधी जन्मली, असं मानावं लागेल!

‘भूगोल पुसला’ : पुसला नाही, ताणला आणि दाबला. थेम्स नदी ठेवली. स्टेशनांची दाटी असलेला मध्यभाग फुगवला, कडेची लांब अंतरं आवळली. रेघा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत. कच्च्या आराखड्यातले स्टेशनांचे ठिपके जाऊन रेघेला चिकटलेले छोटे काटे आले. काटा ज्या बाजूला, त्या बाजूला नाव. गाडी बदलायच्या स्टेशनांना चौकटच्या पानासारखी खूण.

या दाबण्याची किंमत आजही मोजावी लागते. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन या मध्यभागातल्या दोन स्टेशनांत अंतर जेमतेम २६० मीटर. कडेच्या चेशम ते चॅलफंट अँड लॅटिमर या स्टेशनांत सहा किलोमीटरहून जास्त. नकाशावर हा फरक कळतच नाही. नवखा माणूस पाच मिनिटं चालायचं सोडून गाडी पकडतो आणि कॉव्हेंट गार्डनला लिफ्टच्या रांगेत अडकतो. नाहीतर १९३ पायऱ्या आहेतच.

‘सगळीकडे तोच नमुना’ : वापरतात खरा, पण सगळीकडे बसत नाही. पॅरिसच्या मार्गिका इतक्या वळणदार, की ४५ अंशांचा हट्ट धरला तर रेघेला जागोजागी कोपरे पडतात आणि नजर निसटते. मॅक्सवेल रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञाने तिथला नकाशा वक्र रेषांत काढून लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्यांना मार्ग बराच लवकर सापडला.