धारवाड की कोल्हापूर?

बेळगावकडच्या खानापूरच्या पुतण्याचं बीएस्सी झालं. एमएस्सी फिजिक्सला धारवाड की कोल्हापूर, यावर आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर रण माजलंय. ‘कोल्हापूर आपलं’ म्हणणारे एकीकडे. ‘इथंच नोकरी करायची तर कानडी यायलाच हवं’ म्हणणारे दुसरीकडे. सीमाप्रश्नातली ८६५ गावं, मराठी-कानडी बोर्ड, पोलिसांच्या लाठ्या, सगळं निघालं. धारवाडचं विद्यापीठ १९४९ चं, मुंबई राज्यानंच काढलेलं, हे कुणाच्या गावी नाही. कुठल्या लॅबमध्ये काय चालतं, हे तर कुणी विचारलंच नाही.

मी मँचेस्टरात राहतो. १९०९ साली इथल्या फिजिक्स विभागात गायगर आणि विशीतला मार्स्डेन अंधारात बसून ठिपके मोजत. डोळे सरावेपर्यंत आधी नुसतंच बसायचं, मग अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारा) आदळला की पडद्यावर चमकणारा ठिपका टिपायचा. धातूच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या हजारो कणांत एखादा उलटा फिरे. त्यावरून १९११ मध्ये रदरफर्डनं अणूचं केंद्रक मांडलं. रदरफर्ड न्यूझीलंडचा, गायगर जर्मन, पुढच्या वर्षी आलेला बोर डॅनिश. जवळपासचा म्हणावा तर एकटा मार्स्डेन.

अंधारी खोली म्हटली की मला आमच्या कॉलेजचं प्रॅक्टिकल आठवतं. पिवळाधमक सोडियमचा दिवा, एक स्पेक्ट्रोमीटर, भोवती आम्ही पाचजण. रीडिंग एकानं घ्यायचं, बाकीच्यांनी जर्नलात उतरवायचं. माझा डोळा स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला वर्षात दोनदा लागला असेल.

२००४ साली महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात नेला. त्याच वर्षी इथं गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत ग्राफीन, म्हणजे एका अणूइतका पातळ कार्बनचा थर, हाती लागल्याचं जाहीर केलं. दोघंही रशियात जन्मलेले. २०१० ला नोबेल. आपला दावा चालूच आहे.

हे ग्रुपवर टाकलं, तर वहिनी म्हणाल्या, ‘तिथं बसून बोलायला तुमचं काय जातंय?’ बरोबरच आहे. बोर काय, गाइम काय, आपल्या पायांनी परक्या भाषेत आले. आम्ही घरातच होतो, १९५६ ला राज्य बदललं. त्यामुळे बोर्डाचं भांडण मला पोकळ वाटत नाही. फक्त ते पोराच्या अर्जावर का चढवायचं?

शेवटी पुतण्यालाच फोन केला. त्याला थिन फिल्ममध्ये, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांमध्ये, रस आहे, आणि त्यात कोल्हापूरचं नाव आहे. म्हणाला, ‘काका, दोन्हीकडं फॉर्म भरलाय. दोन्ही इंग्लिशमध्येच होते.’