‘चेंबरला सिलिकॉन लावा, विषय संपला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मारुती ८००च्या ऑइलगळतीबद्दल मी लिहिलेलं तुम्हाला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं असं, की जुनी गाडी थोडीफार गळणारच. फारच झालं तर चेंबर (इंजिनच्या तळाशी असलेलं ऑइलचं भांडं) उतरवून भरपूर सिलिकॉन (फट बुजवणारी पेस्ट) लावायचं, जाड ऑइल घालायचं. आणि सील (फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी) बदला, बेल्ट बदला म्हणणारा मी गॅरेजवाल्यांचा एजंट आहे. एजंटचं राहू द्या, कमिशन अजून कुणी दिलेलं नाही.

पहिला मुद्दा मान्यच आहे. चेंबरच्या कडेला नुसता ओलसरपणा असेल, त्यावर धूळ बसून काळा थर झाला असेल, पण थेंब पडत नसेल आणि डिपस्टिकवरची पातळी महिनाभर जागची हलत नसेल, तर हातही लावू नका.

मतभेद चेंबरबद्दल आहे. ते तळाशी असल्यामुळे वर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून निघालेलं तेलही ओघळत येऊन तिथूनच टपकतं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते. म्हणून आधी इंजिन डिझेल आणि ब्रशने धुवा (बेल्टवर डिझेल उडू देऊ नका), कोरडं पुसा आणि संशयाच्या जागी घरातली टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा. पांढऱ्या पावडरीत काळी रेघ उमटलेली दिसेल. तिचं वरचं टोक बघा, गळती तिथे आहे.

आता ते ‘भरपूर’ सिलिकॉन. बोल्ट आवळले की ते जितकं बाहेर दिसतं तितकंच आतही निघतं. आतला तुकडा सुटून स्ट्रेनरच्या (ऑइल पंपाकडे तेल जातं त्या गाळणीच्या) जाळीत अडकला तर ऑइल प्रेशर जातं, आणि मग बेअरिंगं. तीनेक मिलिमीटरची अखंड धार पुरते, तीसुद्धा बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. पण त्याआधी चेंबरच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून पाहा. आधीच्या कुणीतरी जीव खाऊन बोल्ट आवळलेले असतात. भोकांपाशी पत्रा वर उचललेला असतो आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट केल्याशिवाय अख्खी ट्यूब पिळलीत तरी गळणारच. सहा मिलिमीटरचे बोल्ट ते, १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत.

जाड ऑइलने थेंब थोडा उशिरा पडेल, एवढंच. उष्णतेने कडक झालेली सीलची रबरी कड त्याने मऊ होत नाही. आणि सील बदलण्याआधी ब्रीदरची नळी तपासा, टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाते ती. पिस्टन रिंगांवरून निसटलेल्या गॅसला बाहेर पडायची वाट तीच. ती काजळीने चोंदली की आतला दाब सीलमधून वाट काढतो. मग नवं सीलही महिन्याभरात गळतं आणि लोक कंपनीच्या नावाने खडे फोडतात.

राहिला बेल्ट. कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) आणि क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचं) पुढचं सील या दोघांना जोडणाऱ्या टायमिंग बेल्टच्या लगत बसतं, म्हणजे तिथलं तेल जमिनीवर पडायच्या आधी बेल्टला लागतं. तेलाने रबर खराब होतं, बेल्ट दात सोडतो आणि गाडी भर रस्त्यात बंद. सील स्वस्त आहे, पैसे जातात ते उघडण्या-बसवण्याचे. ते एकदाच द्यावेत, म्हणून बेल्टबरोबर सील बदला असं लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. क्रँकचं मागचं सील मात्र क्लचप्लेटच्या कामात उरकावं, कारण गिअरबॉक्स दोन्हींसाठी उतरवावाच लागतो.

तुमच्या गाडीचा थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी पडतो, असं शेवटी लिहिलंय. तो बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, चेंबरचा तिथे काही संबंध नाही. काळं, पातळ आणि जळकट असेल तर चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघा. इंजिनचा आवाज चढतोय आणि वेग वाढत नाही, असं झालं तर तेल क्लचपर्यंत पोचलेलं असू शकतं. काय निघालं ते कळवा.