बोर्डेनचं पुस्तक आणि एक फॉरवर्ड

जून लागला की हा फॉरवर्ड फिरून येतो. अँथनी बोर्डेन या अमेरिकन शेफ-लेखकाचा फोटो आणि खाली: ‘पैसा, नाव, जगभर फिरणं, सगळं होतं, तरी जीव दिला. पुस्तकात आधीच लिहून ठेवलं होतं, कुणाला कळलं नाही. अशा माणसाजवळ हा विषय काढू नये, डोक्यात बसतो.’ यंदा तो आमच्या मालवणातल्या खानावळवाल्यांच्या ग्रुपवर आला, म्हणून लिहितेय.

पुस्तकात लिहिलं होतं? त्याचं पुस्तक ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ आलं २००० साली, तो गेला ८ जून २०१८ ला. मधली अठरा वर्षं कुठे गेली? मी ते परवा पुन्हा काढलं. हेरॉइनचं व्यसन त्यात आहे, उघड लिहिलेलं आहे. पण त्याहून जास्त आहे ती भूक. लहानपणी फ्रान्समध्ये शेजारच्या कालवंवाल्याच्या होडीत त्याने पहिलं कच्चं कालव खाल्लं. घरचे बिचकले, हा पुढे झाला. आमच्याकडे ओहोटीला बायका खडकावर उकिडव्या बसून कालवं फोडतात, बोटं चिरतात, अर्ध्या दिवसात जेमतेम तांब्याभर निघतात. त्या बायकांना ते पान वाचून दाखवा, त्यांना मरण दिसणार नाही. (सोमवारी हॉटेलात मासे मागवू नका, हा त्याचा सल्ला गाजला होता. आमच्याकडे सोमवारी निम्मी पंगत तशीही शाकाहारीच असते.)

मागाहून खुणा शोधणं मीही केलंय. माझा चुलतभाऊ नऊ वर्षं माझ्याबरोबर खानावळ चालवत होता. तो गेला तेव्हा त्याचा शेवटचा मेसेज मी किती वेळा वाचला असेन: ‘उद्या सुरमई दोनच घे.’ दोनच का? आज वाटतं, मे संपत आला होता, गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून दोन.

‘सगळं होतं’ याला उत्तर थोडकंच. भावाच्या बाराव्याला एकजण म्हणाला, कर्ज होतं. दुसरा म्हणाला, कर्ज कुणाला नसतं? एकाच कारणाने माणूस जात नाही, आणि बाराव्याला जमलेल्यांना ते शोधता येत नाही.

विषय काढू नये, हे मात्र घातक आहे. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. मला हे उशिरा कळलं. गेल्या पावसात आमच्याकडचा पोरगा चार दिवस भाकऱ्या करपवत होता. पहिले तीन दिवस मी नुसती ओरडले. चौथ्या दिवशी जवळ जाऊन विचारलं, “जीव देवचा मनात येता काय रे तुझ्या?”

त्याने तवा खाली उतरवला. “येता, काकी.”

भाकरीचं पीठ तसंच परातीत राहिलं. बोलून झाल्यावर माझ्याच फोनवरून टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ लावला. फुकट असतो, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. त्या दिवशी गिऱ्हाइकांना नुसता भात वाढला.