अलॉय, लांबी आणि नानांचा अंगठा

मंगल कार्यालयाच्या वाहनतळावर शिट्टी फुंकणाऱ्या गृहस्थांनी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत माझी गाडी दगडी कडेला घासवली आणि ‘लागलं बघा’ ही बातमीही त्यांनीच दिली, त्याविषयी मी इथे अधिक बोलणार नाही. रंग गेला तो पुढच्या डाव्या अलॉयचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकाचा. पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीच्या रूपातला रंग भाजून बसवणे, करायचे तर टायर उतरवून, जुना रंग काढून रिम सुमारे 200 अंशांवर भट्टीत भाजावी लागते, आणि एवढ्याशा ओरखड्यासाठी सांगितलेला खर्च ऐकून मी रविवारी स्वतःच पॉलिश पेपर घेऊन पार्किंगमध्ये बसलो.

चाक गार असताना धुऊन ब्रेकची काळी भुकटी काढायची, मात्र त्यासाठी ॲसिड वापरायचे नाही, कारण ते मळाबरोबर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरही खाते. मग ओरखडा घासायचा, लांबी (खाचा बुजवणारी पुट्टी) भरायची, टायरला मास्किंग टेप लावायची आणि प्रायमर, चंदेरी रंग, क्लिअर कोट यांचे पातळ हात द्यायचे. या प्रत्येक पायरीला तिसऱ्या मजल्यावरचे नाना जातीने हजर होते.

‘‘आमच्या पद्मिनीला असले लाड नव्हते. पोलादी चाक, वर व्हीलकॅप. घासलं तर घासलं!’’

‘‘नाना, हे ॲल्युमिनियम आहे.’’

‘‘मग गंजणार नाही. रंग कशाला?’’

‘‘रंगाखाली पाणी शिरलं की पांढरी भुकटी धरते आणि रंग फुगतो.’’

‘‘आमच्या परातीला कुठे रंग आहे? लग्नातली आहे, अजून ठणठणीत!’’

नानांची परात पावसाळ्यात खंबाटकी घाट चढत नाही, हे मी मनातच म्हटले, कारण नाना वडीलधारे आहेत आणि शिवाय सोसायटीतील पार्किंगच्या जागा तेच वाटतात.

क्लिअर कोटचा शेवटचा हात देऊन मी डबा ठेवायला वळलो, तोच नानांनी ‘‘वाळलं का?’’ असे विचारले, उत्तरासाठी न थांबता रंगावर अंगठा टेकवला आणि ‘‘नाही अजून,’’ असा निर्वाळाही देऊन टाकला. अंगठा त्यांनी माझ्याच स्वच्छ फडक्याला पुसला. आता तो थर कडक होईपर्यंत थांबून, 2000 नंबरच्या अगदी बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासून, क्लिअर कोट पुन्हा मारणे आले.

‘‘चाक फिरायला लागल्यावर कुणाला दिसतंय?’’ असे म्हणून नाना जेवायला गेले. गाडी दिवसातले बहुतेक तास उभीच असते, तीही त्यांनीच मला नेमून दिलेल्या, खांबाला खेटलेल्या जागेत, जिथे उरलेली तीन चाकेही फार काळ शाबूत राहतील असे मला वाटत नाही.