'वृद्धाश्रमात टेन्शन नसतं' म्हणे

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय. वृद्धाश्रमात टेन्शन नसतं, काही ठरवावं लागत नाही, बरोबरीची माणसं असतात, शांत बसलेत म्हणजे रमलेत, आणि वर सल्ला की पहिले दोन महिने भेटू नका, लवकर रुळतात. आमची मावशी नुकतीच तिकडे राहायला गेलीय आणि तिची लेक, म्हणजे आमची ताई, हे सगळं खरं धरून बसलीय, म्हणून लिहितोय.

"काही ठरवावं लागत नाही म्हणून ताण नाही." अहो, उठायचं कधी, अंघोळ कधी, दिवा कधी घालवायचा, खोलीत सोबत कोण, सगळं दुसरंच कुणीतरी ठरवतं, ताण तिथेच तर आहे! एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होमवरचा, म्हणजे तिकडच्या वृद्धाश्रमावरचा, प्रयोग छापला. एका मजल्यावर सांगितलं, खोली हवी तशी लावा, सिनेमाचा दिवस तुम्ही निवडा, हे रोप घ्या आणि तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोप दिलं, सिनेमाही दाखवला, फक्त पाणी नर्स घालणार आणि दिवस स्टाफ ठरवणार. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातले 93 टक्के सुधारलेले दिसले, दुसऱ्यातले 71 टक्के आणखी खालावलेले. प्रयोग छोटा होता, शंभरसुद्धा माणसं नव्हती, आणि पुढे कोणत्या गटातले किती दगावले याचे आकडे काही जण छातीठोकपणे सांगतात, ते सोडा, ते गणित पुढे दुरुस्त करावं लागलं. पण सोय दोन्ही मजल्यांवर सारखीच होती ना? मग?

शांत बसलेत म्हणजे रमलेत, हे तर डेंजर. या वयात डिप्रेशन रडण्यातून दिसेलच असं नाही, झोप उडते, ताट तसंच राहतं, सारखं कुठेतरी दुखतं. वय झालं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा.

बरोबरीच्या माणसांचं, चला, अर्धं खरं आहे. मावशीला पत्ते खेळायला जोडीदारीण मिळालीय, गोळ्या वेळेवर मिळतात, रात्री एकटीने पडण्याची भीती कमी झालीय. नाकारत नाही.

पण भेटू नका?? घर सुटलंय, सवयी सुटल्यात, आणि नेमकं तेव्हाच आपली माणसंही गायब! दिवस आणि वेळ तिलाच विचारून ठरवा आणि ठरलं की पाळा, एवढंच करायचंय. मी विचारलं, तिने रविवारी सकाळी ये म्हणून सांगितलंय. ताई, तुला यायचं असेल तर आधी तिला फोन कर, मला नको.