पोटाचा चांगला डॉक्टर सांग ना...

आबांना दवाखान्यातून घरी आणल्यापासून चोपडा, पारोळा, पार शहाद्यापर्यंतच्या नातेवाइकांचा एकच फोन, "त्या पोटाच्या डॉक्टरांचा नंबर दे." नंबर मी देतोच. पण आमचे आठ महिने वाया गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आबांचे गुडघे दुखायचे. मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणायची, तिने जळजळ झाली की पित्ताची. शेवभाजीची तर्री सोडली, ठेचा सोडला, तरी ताटातली भाकरी अर्धी राहायची. विचारलं तर, "पित्त शे रे भाऊ, दुसरं काही नही." एका ठिकाणी 'पोटविकार तज्ज्ञ' अशी मोठी पाटी पाहून नेलं. सलाइन लावलं, सोनोग्राफी नॉर्मल आली, आम्ही निर्धास्त. जठराच्या आतली जखम सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. पुढच्याच महिन्यात संडासला डांबरासारखं काळं झालं, हिमोग्लोबिन 7 वर आलं.

असं काळं झालं तर आत रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा मुंबई की सुरत हा वाद घालू नका. जवळ जिथे एन्डोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून आतून तपासणी) आणि रक्ताची सोय असेल तिथे तडक न्या.

एरवी मात्र पाटी वाचू नका, पदवी वाचा. एमडी मेडिसिननंतर आणखी तीन वर्षं शिकून डीएम किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी, म्हणजे पोटविकारातले, होतात, ते पोटाचे खरे तज्ज्ञ. एमसीएच असेल तर ते सर्जन. साध्या जळजळीला, जुलाबाला आपले नेहमीचे फिजिशियन पुरे आहेत. पण वजन उतरतंय, घास अडकतोय, रक्त पडतंय किंवा उतारवयात नव्यानंच त्रास सुरू झालाय, तर तज्ज्ञ गाठाच.

आणि पदवीइतकंच मी आता बघतो ते हे, की डॉक्टर विचारतात काय. तुम्ही ज्यांचा नंबर मागता, त्या डॉक्टरांनी औषधांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली. एकेक पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. दुखण्याच्या गोळ्या एका बाजूला सारल्या आणि आबांनाच विचारलं, "बाबा, या उपाशीपोटी घेता का? किती महिन्यांपासून?" आठ महिन्यांत हे विचारणारे ते पहिले. मग एन्डोस्कोपी केली, जखम दाखवली, तुकडा तपासायला पाठवला. त्यात जठरात जखम करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतूही निघाला. मार्शल आणि वॉरन या दोघांनी तो 1982 मध्ये शोधला, त्यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. आम्ही इकडे बिचाऱ्या तर्रीला दोष देत बसलो होतो!

चौदा दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. दोन महिन्यांनी जंतू गेला का ते पाहायला परत बोलावलं. त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवायला लावली, कारण ती चालू असली की जंतू असूनही कधी कधी तपासणीत सापडत नाही, असं नीट समजावून सांगितलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला.

गुडघे अजून दुखतात. त्यावर पोटाला सोसेल असं काय देता येईल, हे विचारायला त्यांनी आमच्यासमोरच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला.