डेअरी काढताय? आधी काटा घ्या, मग टाकी

गावात आधीच चार डेअऱ्या आहेत म्हणून कचरताय? अहो, मग तिथेच काढा. पाचव्या पाटीला गावकरी हौसेने हार घालतात. आता स्पर्धा वाढणार, दर चढणार, असं सरपंच भाषणात सांगतात. नारळ फोडताना तुम्हीही तेच सांगा. कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीनची थप्पी लावता येते. गाय मात्र दोन्ही वेळा पिळावीच लागते, तिला रविवार नसतो, आणि उन्हाळ्यात गार न केलेलं दूध काही तासांतच नासतं. किटली घेऊन रांगेत उभा असलेला माणूस घासाघीस करायला आलेला नसतो, ओतायला आलेला असतो. एवढं उमजलं की धंदा उमजला.

पहिली खरेदी काट्याची. १० मिलीपर्यंत दाखवणारा काटा मिळतो, पण त्याने हिशेब उगाच लांबतो. १०० मिलीच्या टप्प्याने दाखवणारा बसवा आणि टप्प्याखालचं सोडून द्या. ६ लिटर ४८० मिली आलं, ६.४ लिहा. एका मापामागे सरासरी ५० मिली सुटतं. २०० खातेदार, दोन वेळा, म्हणजे रोजचे २० लिटर. ही गाय चारा मागत नाही, भाकड होत नाही, तिला लंपीही होत नाही.

मग सॅम्पल. दूध वरखाली नीट ढवळून सॅम्पल काढायचं असतं, कारण साय वर धरते. पण सकाळी गर्दी असते, तुमच्या पोऱ्याला कुठला वेळ? त्याने कॅनच्या तळातून माप भरावं. फॅटचं मशीन रोज धुवायला सांगतात, आत थर बसला की ते भलतेच आकडे देतं. आकडे चढू लागले तर तत्काळ धुवा. उतरत असतील तर आठवडाभर जाऊ द्या.

पण खरी मेख फॅटमध्ये नाही. फॅट शेतकऱ्याला कळते. घरी साय धरते, तूप निघतं. एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून दुधातला बाकीचा घन भाग, कोणी पाहिलाय? दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरच्या डिग्रीला चारने भागायचं, त्यात फॅटचा पाव हिस्सा मिळवायचा आणि शेवटी एक ठरावीक आकडा टाकायचा. डिग्री २८ आणि फॅट ३.५ धरा. ७ अधिक ०.८७५. शेवटी ०.७२ टाकले तर ८.५९, दूध पास. ०.४४ टाकले तर ८.३१, बेसपेक्षा, म्हणजे दरासाठी धरलेल्या ८.५ पेक्षा, दोन पॉइंट खाली (०.१ चा एक पॉइंट). गाय तीच, वैरण तीच, आणि दोन्ही आकडे वापरातले आहेत, त्यामुळे तुम्ही खोटं बोललात असंही होत नाही. शिवाय धारोष्ण दूध पातळ लागतं, लॅक्टोमीटर खोल बुडतो, डिग्री कमी दिसते. तापमानाची दुरुस्ती करायला थर्मामीटर लागतो. तो परवाच फुटलाय.

आता या पॉइंटला किंमत लावा. पाटीवर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा दर ठळक लिहायचा, तो महिनोन्‌महिने पुसायचा नाही. पुसायची ती खालची बारीक ओळ. कपात पॉइंटला ३० पैसे होती, ती १ रुपया करा. वरच्या पॉइंटची वाढ ३० पैसेच राहू द्या. वरच्या उदाहरणातले दोन पॉइंट म्हणजे लिटरला २ रुपये, आणि पाटीवरच्या दराला कोणी हातही लावलेला नाही. अन्नसुरक्षेच्या मानकांत गायीच्या दुधाला ३.२ आणि ८.३ पुरतात, म्हणजे तुम्ही कापलेलं दूध कायद्याने अस्सल आहे. हा कागद डेअरीत लावू नका.

सरकारला घाबरू नका. जुलै २०२३ मध्ये ३.५/८.५ ला किमान ३४ रुपये ठरले. वर्ष संपेपर्यंत दर २७ च्या आसपास आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडगा निघाला तो असा, की डेअरीने २७ द्यावेत आणि ५ रुपये सरकार शेतकऱ्याच्या खात्यात टाकेल, गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला असेल तर. ३४ चे ३२ झाले आणि त्यातलेही ५ तुमच्या खिशातून गेले नाहीत. उसाला एफआरपीचा, म्हणजे किमान दराचा, कायदेशीर आधार आहे, दुधाला तसा नाही. कारखानदाराला हेवा वाटावा अशी ही जागा आहे.

बाकीच्या चार डेअऱ्यांशी बसून दर मात्र ठरवू नका. २००२ चा स्पर्धा कायदा आहे, आणि चहाच्या बिलाचाही पुरावा होतो. एका मोठ्याने दर उतरवला की बाकीच्यांनी ‘बाजार बघून’ उतरवायचा, बस्स. कारण विचारलं तर ‘पावडर पडली’, म्हणजे दूध पावडरचा भाव उतरला, असं म्हणा. १०० लिटरमधून साधारण ९ किलो पावडर आणि ४ किलोच्या वर लोणी निघतं, त्यामुळे कारण अगदीच खोटं नसतं. पावडर पडली की दर त्याच संध्याकाळी पाडा. चढली की ‘जुना साठा संपू दे’. पिशवीतल्या टोन्ड दुधाला ३ टक्के फॅट पुरते, हे मात्र बोलू नका. ३.५ ने घेतलेल्या १०० लिटरमागे वरचं सहाशे ग्रॅम लोणी तुमचं. शहरातल्या पिशवीचा भाव पावडर बघून उतरत नाही, तिथे पावडरीचा विषयच निघत नाही.

एवढं करूनही शेतकरी दुसरीकडे जाईल अशी धास्ती असेल तर उचल द्या. गाय घ्यायला पन्नास हजार, गोळी पेंड उधारीवर, सगळं १, ११ आणि २१ तारखेच्या पगारातून कापायचं. वर्षभर लिटरमागे थोडं अडकवून ठेवा आणि दिवाळीला ‘फरक’ म्हणून मिठाईच्या पुड्यासकट परत द्या. आश्विनात कोणी डेअरी बदलत नाही.

तरी एखादा चिडून किटली उचलून समोरच्या डेअरीत जाईल. जाऊ द्या. तिथे आधी विचारतील, खातं कुणाकडे, उचल किती बाकी? मग तो परत येईल. तोवर दूध तासभर जुनं झालेलं असतं. सॅम्पल पुन्हा घ्या.